उजवा खांदा

त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना खाडीकडचा बांध फुटला आणि मिठागराच्या खालच्या दोन रांगा एका भरतीत पाण्याखाली गेल्या. तयार मीठ डोळ्यांदेखत विरघळलं. मुकादम काठावर उभा राहून आम्हाला शिव्या घालत होता, जणू भरती आम्हीच बोलावून आणली होती. फुटलेला भाग चिखलाने आणि पोत्यांनी बुजवण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हुकूम निघाला की वरच्या रांगांतलं सगळं मीठ अमावास्येच्या उधाणाआधी उचलून टेकाडावरच्या ढिगात टाकायचं. हातात दहा दिवस होते. एरवी अर्धा दिवस येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनाही पूर्ण दिवसाचं बोलावणं आलं, आणि त्यांत माझी आई होती.

मिठागरात कधी न उतरलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. वाफ्यांमधले बांध जेमतेम दोन पावलं रुंद असतात. भरलेली टोपली घेऊन जाणारे आणि रिकामी घेऊन परतणारे एकाच बांधावरून चालतात. म्हणून आमच्याकडे टोपली उजव्याच खांद्यावर घ्यायची. दोघं समोरासमोर आले की डावे खांदे एकमेकांजवळून जातात, ओझी बाहेर पाण्यावर राहतात आणि कुणी कुणाला धडकत नाही. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक. सतराव्या-अठराव्या वर्षी पहिली टोपली चढते ती उजव्या खांद्यावर, आणि शेवटची उतरते तीही तिथूनच.

घरात आम्ही चार माणसं. आई, मी, माझी बायको आणि धाकटी. धाकटी म्हणजे माझी बहीण. घरात ती धाकटी, शाळेत चित्रांच्या बाई. टोपली न उचललेली आमच्या घरातली ती पहिली. आधी वडिलांनी तिला शिकवलं, वडील गेल्यावर मी शिकवलं, आणि हे मी तिला वर्षातून दोनदा तरी ऐकवतो. शाळा मिठागराच्या मालकाचीच होती. तिथे ती चार वर्षं तात्पुरती म्हणून राबत होती. या हंगामाच्या शेवटी तुला कायम करू, असं मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तिला तोंडभरून सांगितलं होतं. ती कायम झाली की आईने टोपली खाली ठेवायची हे घरात ठरलेलं होतं. आईने साठी ओलांडली होती. सकाळी उठल्यावर तिचा उजवा हात कानापर्यंत जात नसे, केस माझी बायको विंचरून द्यायची. बाकी सगळ्या गोष्टींवरून आमच्या घरात भांडणं व्हायची, या एका गोष्टीवरून कधी झालं नाही.

धाकटीला चित्रांचं वेड लहानपणापासून. संध्याकाळी आम्ही अंगावरचं मीठ धुऊन पडवीत टेकलो की ती कोपऱ्यात वही घेऊन बसायची. काय काढते हे कुणी कधी विचारलं नाही. हात चालतोच आहे तर तांदूळ निवड, असं आई म्हणायची. ती तांदूळ निवडायची आणि परत वही घ्यायची. वही भरली की ती खाटेखालच्या ट्रंकेत जायची, आणि ट्रंक झाडताना आड येते म्हणून माझी बायको कुरकुर करायची.

शाळेत माणसाच्या आकृतीचा एक छापील तक्ता होता. खाऱ्या हवेने त्याला बुरशी धरली, मग वाळवीने पाय खाल्ले. गुडघ्यांवरच उभा असलेला तो माणूस बघून पोरं हसायला लागली. नवा तक्ता मागून दोन वर्षं झाली होती. परीक्षा तोंडावर आली तेव्हा धाकटीने ट्रंकेतली एक वही उचलली आणि शाळेत नेली. वर्गाला गोल करून बसवलं, वही मधे ठेवली आणि सांगितलं, ही माझी घरची चित्रं आहेत, कुणाला दाखवायला काढलेली नाहीत, पण तुम्ही बघा. पानापानावर आई होती. टोपली उचलताना, पाय धुताना, दाराशी, चुलीशी, आणि कुठे नुसतीच उभी. एक पोरगी म्हणाली ही माझी आजी आहे. दुसरी म्हणाली, हट, माझी आहे. तिसरीने तर शपथ घेतली. धाकटीने त्यांना सांगितलं की ही माझी आई, तुमच्या आज्या तुम्ही घरी जाऊन नीट बघा आणि काढा. पोरांनी नीट बघितलं आणि काढलं, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

परीक्षा बाहेरची होती. कागद मोठ्या गावातल्या परीक्षकांकडे गेले आणि बांध फुटला त्याच आठवड्यात निकाल आला. उभा माणूस काढा, असा विषय होता. एकतीस पोरांपैकी अठ्ठावीस नापास. प्रत्येक कागदावर लाल शाईत एकच वाक्य, आकृतीचा तोल चुकला आहे. गठ्ठ्यावर वेगळी चिठ्ठी होती की सर्व आकृत्या एकाच बाजूला कललेल्या आहेत, सबब नक्कल झाल्याचा संशय आहे. पास झालेल्या तिघांतला एक मुकादमाचा मुलगा होता आणि दोन मुली कचेरीतल्या बाबूंच्या. त्यांच्या घरची माणसं टोपली उचलत नाहीत.

मोठ्या सरांनी धाकटीला बोलवायच्या आधी मला बोलावलं. निरोप वाफ्यावर आला तेव्हा माझी अकरावी खेप चालू होती. मुकादमाने सोडलं, पण खेपा संध्याकाळी भरून दे म्हणाला. मी तसाच गेलो. शिपाईणबाईंनी फरशी नुकती पुसली होती, माझ्या पायांचे पांढरे ठसे उठू नयेत म्हणून सरांनी मला दाराजवळच्या पोत्यावरच उभं राहायला सांगितलं. सगळं बोलणं मी त्या पोत्यावरून ऐकलं. सर गोड बोलत होते. बहीण हुशार आहे, पण हट्टी आहे, तुम्ही वडीलधारे. वर्गाच्या भिंतीवर लावलेली पोरांची चित्रं मालकांनी पाहिली, त्यांना बरं वाटलं नाही. बाहेरून माणसं येतात, त्यांना काय वाटेल. मग त्यांनी टाइप केलेलं एक पत्र मेजावरून पुढे सरकवलं, आणि मी पोत्यावरून हलत नाही हे बघून शेवटी उठून माझ्या हातात आणून दिलं.

पत्रात धाकटीच्या तोंडी लिहिलं होतं की माझ्या खासगी आणि सदोष चित्रांमुळे विद्यार्थ्यांची दिशाभूल झाली, ती चित्रं चुकीची समजण्यात यावीत, आणि यापुढे मी छापील तक्त्यावरूनच शिकवीन. यावर तिची सही झाली की नक्कल केल्याचा शेरा निघेल, पोरांना परत परीक्षेला बसता येईल, आणि तिच्या कायम होण्याच्या कागदावरही सही होईल. नाही झाली, तर पोरांचा शेरा तसाच राहील आणि तिची जागा दुसऱ्याला. शुक्रवारी परीक्षक स्वतः येणार होते. मी सरांना म्हणालो, सही होईल, ते माझ्यावर सोडा. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. एका सहीत आईची टोपली उतरत होती.

जेवायला बसलो तेव्हा मी पत्र धाकटीसमोर ठेवलं. तिने वाचलं, घडी केली आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवलं. आईने विचारलं काय आहे. मी शहाणपणा करून मोठ्याने वाचून दाखवलं. आईला सदोष या शब्दाचा अर्थ लागला नाही. कसला दोष, तिने विचारलं. मी इकडेतिकडे बघायला लागलो. धाकटी ताटात बघत होती. शेवटी माझी बायको हळूच म्हणाली, "तुमचा खांदा, आई. उजवा खाली आलाय. तो तसाच काढलाय."

आईचा घास हातात राहिला. मग तिने डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि चाचपला, आणि लगेच काढून घेतला.

"शाळेत दाखवलीस? सगळ्या पोरांना?"

"हो."

"चारचौघांत मला वाकडी करून मांडलीस."

"मी केली नाही आई," धाकटी म्हणाली. "मी फक्त काढली."

आई उठून गेली. तिचं ताट तसंच राहिलं. मी धाकटीला काय वाट्टेल ते बोललो. म्हणालो, आमच्या घामावर शिकलीस आणि आमचीच शोभा केलीस. ती आपलं ताट उचलून धुवायला गेली, याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवसापासून आईने विचित्र गोष्टी सुरू केल्या. बांधावरून चालताना ती मान ताठ धरून उजवा खांदा वर ओढून चालायची. चार पावलं जमायचं, पाचव्या पावलाला खांदा परत जागेवर यायचा. ती थांबायची, वर ओढायची, परत चालायची. मागची रांग खोळंबायची. बायका विचारायच्या, काय गं, पाठ धरली का. आई म्हणायची, काही नाही. आमच्या घरात आरसा हातभर, तोही खिडकीत अडकवलेला. त्यात खांदे दिसायचे नाहीत. संध्याकाळी ती वाफ्याच्या पाण्यात वाकून बघत होती, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तिसऱ्या दिवशी तिने टोपली डाव्या खांद्यावर घेतली. मी टेकाडाकडून रिकामा परतत होतो, लांबून मला दिसलं. हाक मारायच्या आत समोरून आमची शेजारीण आली. बांधावर नजर पायाशी असते, माणूस माणसाकडे बघत नाही, बघायची गरजच नसते. आईची टोपली थेट शेजारणीच्या डोक्यावर बसली. दोघी पडल्या, एक या बाजूच्या वाफ्यात, एक त्या बाजूच्या. आई गुडघ्यांवर उठली तेव्हा अंगभर चिखल होता आणि चाळीस शेर मीठ पाण्यात गेलं होतं. शेजारणीच्या कपाळातून रक्त येत होतं. ती बिचारी आईलाच विचारत होती, लागलं का गं.

मुकादम धावत आला. आधी त्याने शेजारणीला बाजूला केलं, मग आईपुढे उभा राहिला. सगळी रांग थांबली होती आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "काय म्हातारे, उजवीकडून वाकून झालं, आता डावीकडून वाकायचंय?"

दोघं-तिघं हसले. हसले ते आमच्यातलेच होते. मी टोपली हातात घेऊन उभा होतो. आई चिखलातून हाताने मीठ गोळा करत होती, जे काही उरलं होतं ते, आणि मुकादम बोटाने दाखवत होता, इथलं राहिलं, तिथलं राहिलं. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं की याला ठाऊक आहे. खांदा कुठला, किती गेला, सगळं त्याला ठाऊक आहे. फक्त कागदावर आलं तर तो दोष.

त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा ऊन अजून पडवीत होतं. आईने पाय धुतले, कपडे बदलले, खाटेखाली वाकली आणि ट्रंक ओढली. धाकटी शाळेतून नुकतीच आली होती. आईने तिला सांगितलं, सगळ्या वह्या काढ, पहिल्यापासून लाव. मी म्हणालो, आई, आता कशाला. तिने मला चहा टाकायला पाठवलं, म्हणजे बाजूला हो असं सांगितलं.

सात वह्या निघाल्या. धाकटीने त्या पडवीत ओळीने मांडल्या. पहिल्या वहीत चित्रं पोरवयातली होती, हातांना सहा-सहा बोटं होती. पण दुसऱ्या वहीपासून आई आईसारखी दिसायला लागली. प्रत्येक पानाखाली तारीख होती. आई एकेक पान उलटत होती, आणि पान उलटायच्या आधी बोट ओलं करत होती. मी चहा घेऊन आलो तो तसाच मागे उभा राहिलो.

एका पानावर आई विहिरीवर उभी होती. कमरेवर घागर, मान वळलेली. दोन्ही खांदे जवळजवळ सारखे.

"ही मी?"

"तूच. मी तेव्हा तेरा वर्षांची होते."

आई पुष्कळ वेळ त्या पानावर थांबली. मग पुढची वही, त्यापुढची. खांदा कुठल्या पानावर उतरला हे दाखवता येत नाही. पाच पानं सोडून मागे गेलं की कळतं. आईने पाच पानं पुढे, पाच पानं मागे असं चार-पाच वेळा केलं. तिच्या हातांना मीठ लागून भेगा पडल्या होत्या, त्या पानांना अडकत होत्या. शेवटच्या वहीत मी पण होतो. दारात बसून पाय चोळताना. माझं वय चौतीस. मी वाकून नीट पाहिलं, माझाही उजवा खांदा खाली यायला लागला होता. मी लगेच अंग झटकून ताठ झालो. माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला आधीच माहीत होतं बहुतेक.

"मला वाटायचं, वय झालं म्हणून," आई म्हणाली. ती रडत नव्हती. तिच्या आवाजात जे होतं ते मी लहानपणी मार खायच्या आधी ऐकलेलं होतं, पण या वेळी तो आवाज आमच्यासाठी नव्हता. मग तिने धाकटीला विचारलं की त्या कागदावर सही केली तर पोरं काय काढणार.

धाकटी म्हणाली, छापील तक्त्यासारखी माणसं. सरळ.

"म्हणजे पोरांनी आपापल्या आज्यांना सरळ करायचं. आणि मग पास."

"हो."

"आणि तू काय करणार आहेस?"

धाकटी खाली बघून म्हणाली, "मी सही करणार आहे, आई. शुक्रवारी. मी ठरवलंय." आणि मग इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. ती रडत रडत सांगत होती की चित्रं चुकीची नाहीत हे मला माहीत आहे, पण तुझा हात वर जात नाही तो मी रोज बघते, अजून किती वर्षं बघू, एक सही केली तर काय बिघडतं, पोरंही सुटतील. मी मनात म्हणालो, चला, सुटलो. आईने वह्या उलट्या क्रमाने ट्रंकेत ठेवल्या, कडी लावली आणि जेवण वाढायला गेली.

शुक्रवारी मी मुकादमाकडून दोन तास सुटी घेतली. आईला चल म्हणालो नव्हतो. ती कामावर होती. सरांच्या खोलीत सर होते, परीक्षक होते, खिडकीशी धाकटी, आणि मी परत माझ्या पोत्यावर. परीक्षक वयस्कर, जाड चष्म्याचे, वाईट माणूस वाटले नाहीत. त्यांनी अठ्ठावीस कागद मेजावर पसरले होते आणि ते एकेक उचलून बघत होते. ते म्हणाले, नक्कल करतात तेव्हा रेघा सारख्या येतात, इथे रेघा वेगळ्या आहेत, चेहरे वेगळे आहेत, चूक मात्र एकच आहे. असं कसं होतं ते मला कळत नाही. सर म्हणाले, बाईंनी सदोष नमुना दाखवला, तेच बाई आता लिहून देत आहेत. आणि त्यांनी धाकटीपुढे पत्र आणि पेन ठेवलं.

धाकटीने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात बाहेर टोपली टेकल्याचा आवाज आला आणि मला बाजूला सारून आई आत आली. पोत्यावर थांबली नाही. गुडघ्यापर्यंत खारा चिखल, डोक्याला फडकं, अंगावरून पाणी गळतंय, आणि पुसलेल्या फरशीवर तिचे ठसे दारापासून मेजापर्यंत उमटत गेले. सर म्हणाले, आजी, बाहेर बसा, काम चालू आहे. परीक्षकांनी विचारलं या कोण.

"माझी आई," धाकटी म्हणाली. "वहीतली."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हातातला कागद आणि आई असं दोन-तीनदा पाहिलं. त्यांनी आदरानेच विचारलं, "जरा सरळ उभ्या राहाल का?"

आई उभी राहिली. दोन्ही पाय जुळवले, हात खाली सोडले, हनुवटी वर केली. पंखा फिरत होता आणि मेजावरचे कागद फडफडत होते.

सरांनाच राहवलं नाही. "अहो, साहेब सरळ उभं राहा म्हणताहेत."

"मी सरळच उभी आहे," आई म्हणाली. "चाळीस वर्षं तुमच्या मालकाचं मीठ वाहिलंय. याहून सरळ मला उभं राहता येत नाही."

शिपाईणबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. सकाळच्या पाळीला त्याही टोपल्या वाहतात, दुपारी शाळेत येतात. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, खांद्यांकडे. त्या गोंधळल्या, काही चुकलं की काय म्हणून ट्रे खाली ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांचे खांदे जास्तच नीट दिसायला लागले. मग परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराला टेकलो होतो तो सरळ झालो. म्हणजे झालो असं मला वाटलं. परीक्षकांच्या चेहऱ्यावरून कळलं की झालो नव्हतो. मला लाज वाटायला हवी होती, पण या वेळी आली नाही. मी पोत्यावरून उतरलो आणि फरशीवर आईच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

सर घसा खाकरून म्हणाले की भावना सगळ्यांना असतात, पण परीक्षेचे नियम असतात, आणि मालकांना आज संध्याकाळी पत्र पोचायला हवं. बाई, तुम्ही सही करा आणि विषय संपवा. कायम व्हायचं आहे ना.

धाकटीने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे नाही, समोर भिंतीकडे बघत उभी होती. धाकटीने पत्र उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर, त्याच पेनाने, काढायला सुरुवात केली. आधी एक उभी रेघ, मग मान, मग खांदे. डावा जिथे असतो तिथे, आणि उजवा त्याच्याखाली दोन बोटं. सर दोनदा म्हणाले, बाई, हे काय चाललंय. ती काढत राहिली. चहा गार होत होता. हनुवटी वर आली, चिखलाचे पाय आले, खाली सोडलेले हात आले. आई जागची हलली नाही. श्वास तेवढा चालू होता. पाच मिनिटं लागली असतील, पण मला तो सगळा हंगाम वाटला.

मग धाकटीने खाली तारीख घातली. तारखेखाली सही केली, पूर्ण नावाची, शाळेच्या हजेरीपटावर करते तशी. आणि कागद सरांसमोर ठेवला.

"सही हवी होती ना," ती म्हणाली. "ही घ्या."

सरांनी कागद उलटा केला, परत सुलटा केला. पत्रावर सही नव्हती आणि सही होती त्या बाजूला पत्र नव्हतं. याचा अर्थ तुमची जागा गेली बाई, ते म्हणाले. धाकटी म्हणाली, माहीत आहे. परीक्षकांनी हात पुढे करून सरांच्या हातातून कागद अलगद घेतला आणि अठ्ठावीस कागदांवर ठेवून गठ्ठा बांधला. हे परत तपासायला लागेल, म्हणाले. तपासतील की नाही ते त्यांचं ते जाणोत.

आईने आता कुठे अंग सैल सोडलं. धाकटीच्या हातावरची शाई तिने आपल्या डोक्याच्या फडक्याने पुसली, नीट, बोटाबोटांतून. मग बाहेर जाऊन टोपली उचलली. मी पुढे होऊन घ्यायला लागलो तर तिने माझा हात झटकला.

"तुझी तू घे," ती म्हणाली. "माझ्या नऊ खेपा राहिल्यात."